फ्लोट बुडण्याची वाट पाहू नका

दिवाळीच्या सुटीत माझा पुतण्या, म्हणजे आपल्याच शाळेतला एक कॅडेट, आमच्याकडे करोल बागेत आला तेव्हा त्याच्या बॅगेत एक चपटी प्लास्टिकची डबी होती. त्याच्या ओहायोतल्या मावशीने पाठवलेली. डबीत तीस-चाळीस बारीक गळ, प्रत्येकाच्या मानेवर मटाराच्या दाण्याहून लहान असे शिशाचे रंगीत डोके आणि मागे पिसांची किंवा रबराची झुबकेदार शेपटी. सोबत लिंबाएवढे दोन-तीन फ्लोट. "काका, हे आपल्या पाण्यात चालेल का?" एवढाच त्याचा प्रश्न होता. त्याच्या वर्गातले आणखी तिघे-चौघे मे महिन्यात धरणावर जायचे मनसुबे रचत आहेत असे कळले, म्हणून उत्तर एकट्याला न देता मासिकाच्या मराठी पानावर देतो आहे. पालकांनी शेवटचा भाग जरूर वाचावा.

त्या शिशाच्या डोक्याच्या गळाला जिग म्हणतात. डबीतल्या जिगा ज्या माशासाठी बनवलेल्या आहेत त्याचे नाव क्रॅपी. हा मासा आपल्याकडे नाही. तो उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातला, सनफिश कुळातला. त्याच्या पांढरा आणि काळा अशा दोन जाती आहेत. अंगाने चपटा, ताटलीसारखा, साधारण वीतभर ते फूटभर लांब. लुइझियानात त्याला फ्रेंच नावाने 'साक-आ-ले', म्हणजे दुधाची पिशवी म्हणतात, आणि पांढरा क्रॅपी हा त्या राज्याचा गोड्या पाण्यातला अधिकृत मासा आहे. अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या माणसांच्या मुलांनी पहिला मासा धरला असेल तर तो पुष्कळदा क्रॅपी किंवा त्याचा भाऊबंद ब्लूगिल असतो, कारण तो गावाशेजारच्या तळ्यात सापडतो आणि त्याला फार महाग सामान लागत नाही.

फ्लोट आणि जिग ही जोडी का जमली हे समजायला त्या माशाची राहणी समजावी लागते. क्रॅपी तळाशी बसून चरत नाही. बुडालेल्या झाडाच्या फांद्यांत, धक्क्याच्या खांबांपाशी, पाण्याच्या मधल्या थरात तो थव्याने लटकल्यासारखा उभा असतो. बारीक मासळी आणि पाण्यातले सूक्ष्म जीव हे त्याचे खाणे. त्याचे डोळे डोक्यात वरच्या बाजूला असतात. वरून जाणारे भक्ष्य त्याला चटकन दिसते आणि तो वर उठून ते घेतो. खाली पडलेल्या वस्तूकडे तो फारसा वळत नाही. म्हणून जिग माशाच्या पातळीत किंवा त्याहून हातभर वर हवी, खाली नको. आता नुसती जिग पाण्यात टाकली तर शिसे ते शिसेच, ती थेट फांद्यांत जाऊन अडकणार. फ्लोट तिला नेमक्या खोलीवर टांगून ठेवतो. शिवाय दीड-दोन ग्रॅमची जिग एकटी लांब फेकता येत नाही, तिला फ्लोटचे वजन मिळते. आणि खाली काय चालले आहे ते वर कळवतो तोही फ्लोटच.

इथे आठवीच्या विज्ञानातला आर्किमिडीज उपयोगी पडतो. डबीतली मधली जिग एका औंसाच्या सोळाव्या भागाची, म्हणजे सुमारे 1.8 ग्रॅमची आहे. शिशाची घनता पाण्याच्या 11.3 पट, त्यामुळे पाण्यात तिचे वजन भरते सुमारे 1.64 ग्रॅम. बुचाची घनता पाण्याच्या पाचव्या हिश्शाएवढी धरली, तर एक घन सेंटिमीटर बूच 0.8 ग्रॅम भार उचलून धरते. म्हणजे दोन घन सेंटिमीटरच्या किंचित वर बूच लागले की जिग जेमतेम तरंगली. आपण अडीच घेऊ. 12 मिलिमीटर व्यासाची आणि 22 मिलिमीटर लांबीची कांडी बरोबर तेवढी होते. आता तो फ्लोट पुरता पाण्याखाली ओढायला माशाला फक्त 0.36 ग्रॅमचा जोर लावावा लागेल. हेच बूच चार घन सेंटिमीटरचे घेतले तर 1.56 ग्रॅम, म्हणजे चौपटीहून जास्त. माशाने आमिष तोंडात घेतले आणि वरून ओढ लागली, की तो ते थुंकून टाकतो. लिंबाएवढ्या फ्लोटवर काही न लागण्याचे कारण बहुधा हेच असते. म्हणून डबीतले मोठे फ्लोट मी बाजूला ठेवायला सांगितले. ते दुकानात शोभतात.

फ्लोट लावण्याच्या दोन तऱ्हा आहेत. पहिली आपल्याकडची जुनी: फ्लोट दोरीवर एका जागी घट्ट. नदीकाठची मुले चपलेच्या तळाचा तुकडा किंवा ज्वारीच्या ताटाचे कांडे बांधतात ते हेच. बांबूच्या काठीला हे उत्तम, कारण काठी जेवढी लांब तेवढीच दोरी असते. पण रीळ लावलेला सहा फुटी रॉड असेल आणि मासा दहा फुटांवर असेल, तर फ्लोटच्या खाली दहा फूट दोरी लोंबकळणार. ती फेकायची कशी? आणि मासा लागल्यावर फ्लोट रॉडच्या टोकाच्या कडीशी अडकला की मासा अजून दहा फूट खालीच.

यावर उपाय म्हणजे सरकता फ्लोट. त्याच्या मधून आरपार नळी असते आणि दोरी तिच्यातून मोकळी धावते. दोरीवर वरून खाली क्रम असा: आधी सुती दोऱ्याची एक छोटी गाठ, मग एक मणी, मग फ्लोट, मग ज्वारीच्या दाण्याएवढे शिसे आणि टोकाला जिग. गाठ बारीक असते, ती रॉडच्या कड्यांतून जाते आणि रिळावर गुंडाळली जाते. फेकताना फ्लोट खाली जिगेपाशी असतो, त्यामुळे सगळे एका झुबक्यात जाते. पाण्यात पडले की जिग बुडू लागते, दोरी फ्लोटमधून धावते, आणि गाठ मण्यापाशी येऊन अडली की जिग थांबते. तेवढ्यात आडवा पडलेला फ्लोट उभा राहतो. गाठ ज्या जागी सरकवाल ती तुमची खोली. दोऱ्याचे पाच वेढे पुरतात. ओला करून आवळावा, नाहीतर दोरी घासून कमजोर होते. मणी विसरला तर गाठ फ्लोटच्या नळीत शिरते आणि सगळे पुढचे गणित चुकते.

ही रचना पाण्याची खोलीही सांगते. फेकल्यावर फ्लोट उभा राहिलाच नाही, लोळत राहिला, तर जिग तळाला टेकली आहे. गाठ खाली सरकवा. उभा राहिला तर पाणी त्याहून खोल आहे. हातभर गाठ सरकवत चार-पाच वेळा फेकले की समोरच्या तळाचा नकाशा डोक्यात तयार होतो. मॅप रीडिंगच्या तासाला कॉन्टूर शिकलेल्या मुलांना हे लगेच जमावे.

आता मुख्य भाग, ज्यासाठी लेखाला असे नाव दिले. आपण सगळे फ्लोट बुडण्याची वाट पाहतो. पण वर म्हटल्याप्रमाणे हा मासा खालून वर येतो. जिग तोंडात घेऊन तो जरासा वर उठला की शिशाचा भार फ्लोटवरून निघून जातो. मग फ्लोट बुडत नाही, उलट बोटभर वर येतो किंवा सरळ आडवा होतो. पाहणाऱ्याला वाटते, वारा आला असेल. तोवर मासा जिग थुंकून मोकळा. फ्लोट आडवा झाला तर मासा लागला असेच समजावे. दुसरी खूण म्हणजे फ्लोट न बुडता वाऱ्याच्या किंवा प्रवाहाच्या उलट दिशेने सरकू लागणे. तिसरी अगदी बारीक: सगळे फ्लोट लाटेवर डुलत असताना तुमचा मध्येच क्षणभर स्थिर होणे. बुडणे ही चौथी खूण, आणि तीच सर्वांना माहीत असते. पहाऱ्यावरच्या जवानाला शिकवतात की हालचाल शोधू नकोस, बदल शोध. इथेही तेच.

खूण दिसली की हिसका मारायचा नाही. क्रॅपीच्या तोंडाचा पडदा कागदासारखा पातळ असतो. जोरात ओढले की गळ भोक पाडून निसटतो. मनगटाने रॉड फक्त वर उचलायचा, दोरी ताणात ठेवायची आणि रीळ संथपणे फिरवायचे. मासा पाण्याबाहेर दोरीने लटकावू नये, हातजाळे खाली धरून घ्यावा.

जिग टाकून नुसते बसायचे नसते. फ्लोट उभा राहिला की पंधरा-वीस आकडे मोजा, मग रॉडने फ्लोट हातभर ओढा आणि थांबा. फ्लोट ओढला की जिग मागे राहून तिरकी वर उठते आणि थांबल्यावर लंबकासारखी झुलत परत फ्लोटखाली येते. बहुतेक वेळा मासा या परतीच्या झुल्यात घेतो, ओढताना नाही. पाण्यावर बारीक लाट असेल तर तेवढेही करावे लागत नाही. फ्लोट वर-खाली होतो आणि खाली जिग आपोआप नाचते. अगदी शांत, आरशासारखे पाणी या पद्धतीला सर्वात अवघड. आणखी एक: जिग पाण्यात आडवी टांगलेली दिसली पाहिजे, लहान माशासारखी. गाठ पुढे सरकून जिग उभी लोंबू लागली तर बोटाने गाठ कडीच्या वरच्या बाजूला आणावी. प्रत्येक माशानंतर हे पाहावे लागते.

मग आपल्याकडे हे चालेल का? मी भीमाकाठचा. उजनी धरण 1980 साली पूर्ण झाले आणि यशवंतसागराच्या पाण्याखाली गावे, विहिरी, बाभळी गेल्या. पळसदेवचे जुने मंदिर उन्हाळ्यात पाणी ओसरले की अजून डोके वर काढते. माणसांचे जे गेले ते गेले, पण माशांना अशा बुडालेल्या वस्तूंचा आसरा लागतो. क्रॅपी ज्या फांद्यांत उभा राहतो तशाच जागी इथे चिलापी असते. भिगवणच्या बाजारात तिचे ढीग पाहिले असतील. अंगाने चपटी, वीतभर, थव्याने राहणारी. डबीतल्या सामानाला सर्वात जवळचा आपला मासा हाच. फरक एवढा की चिलापी मुख्यतः शेवाळ आणि तळातला चारा खाते, तोंड लहान, त्यामुळे नुसत्या पिसाच्या शेपटीला ती नेहमी भुलत नाही. औंसाच्या बत्तिसाव्या भागाची, म्हणजे 0.9 ग्रॅमची जिग घ्यावी, शेपटी कात्रीने निम्मी करावी आणि गळाच्या टोकावर गांडुळाचा नखभर तुकडा लावावा. जिग अर्थातच हलकी झाली की फ्लोटही निम्मा करायचा. तळापासून वीत-दीड वीत वर ठेवावे. उथळ पाण्यात चिखलात थाळीएवढे गोल खड्डे दिसले तर ती नराची घरटी. तिथे शिरलेल्या कोणत्याही वस्तूवर नर धावून येतो, आणि तिथे मात्र नुसती जिगही चालते. मरळीच्या पिलांना आणि शिंगट्यांनाही ही लहान जिग आवडते. शिंगट्याचा काटा हाताला लागला तर दिवसभर ठणका असतो, तेव्हा त्याला फडक्यात धरावे.

ओहायोची डबी नसेल तरी अडत नाही. करोल बागेत राहण्याचा हा एक फायदा: पाचशे पावलांत काहीही मिळते. परीक्षानळीला लावायचे बूच, मधल्या नळीसाठी रिकामी रिफिल, नकली दागिन्यांच्या दुकानातले मणी, शिंप्याचा दोरा. घट्ट फ्लोटसाठी सर्वात चांगली वस्तू मोरपिसाची जाड दांडी; आत पांढरा हलका गर, बाहेर पाणी न शिरणारे कवच. दांडीच्या खालच्या टोकाला सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचा तुकडा चढवला की दोरी पकडून ठेवायची सोय झाली. मोर 1972 च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे. आपोआप गळालेली पिसे देशात विकण्याची मुभा आहे, पण ती परदेशी पाठवता येत नाहीत. म्हणजे मावशीला परतभेट म्हणून मोरपिसाचे फ्लोट धाडता येणार नाहीत. थर्माकोलचा फ्लोट करणार असाल तर त्याला नेलपॉलिश लावू नका. त्यातला द्रव थर्माकोल विरघळवतो. तिथे पाण्यात कालवायचा रंग वापरा. बुचाला आणि मोरपिसाला नेलपॉलिश उत्तम. वरचा तिसरा हिस्सा नारिंगी रंगवावा, खालचा तसाच ठेवावा.

दिल्लीत मात्र गळ टाकायला जागा विचारून निवडावी. वजिराबादपासून ओखल्यापर्यंत यमुनेचा जो सुमारे 22 किलोमीटरचा पट्टा आहे, त्यात नजफगडसारखे मोठे नाले पडतात. तिथला मासा खाण्याचा नाही, आणि त्या पाण्यात हात घातल्यावर साबणाने धुतल्याशिवाय डबा उघडू नये. महाराष्ट्रातली बहुतेक धरणे मच्छीमार संस्थांना ठेक्याने दिलेली असतात. त्यांचे पोट त्यावर आहे, म्हणून आधी त्यांना विचारावे, परवाना लागतो का ते पाहावे. छावणीच्या हद्दीतल्या तळ्यावर स्टेशन हेडक्वार्टरची परवानगी हवीच. सुरुंग किंवा विष वापरून मासे मारणे 1897 च्या मत्स्यव्यवसाय कायद्यापासून गुन्हा आहे. गावाकडे जिलेटिनच्या कांड्या टाकताना कोणी दिसले तर लांब राहा आणि मोठ्यांना कळवा. सैनिकी शाळेतल्या मुलाला स्फोटकांशी खेळ म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको.

पुतण्याने आणखी एक विचारले होते, की क्रॅपीची पिले आणून आपल्या धरणात सोडली तर? नाही. आज उजनीत आणि यमुनेतही दिसणारी चिलापीच पाहा. तिचे मूळ आफ्रिकेत. मोझांबिक जातीची चिलापी 1952 साली भारतात आणली गेली. मादी अंडी तोंडात सांभाळते, त्यामुळे पिले वाचतात आणि बघता बघता पाणी भरते. आपल्या देशी माशांची जागा आणि चारा जातो. आफ्रिकी मांगूर याच कारणाने 2000 साली बंदी घालून थांबवावा लागला, तरी तो अजून सापडतो. तेव्हा एका पाण्यातला जिवंत मासा दुसऱ्या पाण्यात सोडू नये, घरच्या काचेच्या टाकीतलासुद्धा. चिलापी धरली तर खुशाल घरी न्यावी. महाशीर म्हणजे आपला खडस किंवा इतर देशी माशाचे पिलू लागले तर ओल्या हाताने धरून लगेच सोडावे. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि सोडलेला मासाही पुढे मरतो.

आता पालकांसाठी. मासेमारीत मुलांना धोका गळाचा कमी आणि काठाचा जास्त असतो. धरणाचे पाणी उतरले की काठावर वाळलेला दिसणारा गाळ आतून ओला असतो. त्यात मांडीपर्यंत पाय रुतला की पोहता येणाराही हतबल होतो. पुढे काठी टोचत चालावे, आणि काठ सोडून गाळात उतरू नये. अडकलेली एक जिग सोडवायला पाण्यात शिरणारी मुले मी पाहिली आहेत. जिग वीस-तीस रुपयांची असते. दोरी हाताला न गुंडाळता फडक्यात धरून सरळ ओढावी, तुटली तर तुटली. दोघांनी मिळून जावे हे पुरेसे नाही, तिघांनी जावे: एक अडचणीत, एक सोबतीला, एक मदत आणायला. होडीत बसायचे तर लाइफ जॅकेट अंगात, बाकाखाली नव्हे. धरणाच्या दरवाजांच्या खालच्या अंगाला अजिबात बसू नये; भोंगा वाजल्यावर पाणी यायला वेळ लागत नाही. आणि हल्लीचे काळे हलके रॉड कार्बनचे असतात, त्यांतून वीज वाहते. शेतावरून काठाकडे जाताना विजेच्या तारा असतील तर रॉड आडवा धरून न्यावा. पावसाळी ढग गडगडू लागले की रॉड खाली ठेवून गाडीत किंवा पक्क्या घरात जावे, झाडाखाली नाही.

गळाचा उलटा काटा पकडीने दाबून टाकला तर मासा थोडा जास्त निसटतो, पण बोटात गेलेला गळही सहज निघतो. उलटा काटा शाबूत असलेला गळ बोटात रुतला तर ओढू नका, दोरी कापून तसेच दवाखान्यात जा, आणि धनुर्वाताचे इंजेक्शन कधी घेतले होते ते डॉक्टरांना सांगा. शिशाचे दाणे दातांनी दाबायची सवय वाईट. शिसे विषारी आहे. ब्रिटनमध्ये हंस शिसे गिळून मरू लागले म्हणून 1987 पासून लहान शिशांवर बंदी आहे. दाणे पकडीने दाबावेत आणि खाण्याआधी हात धुवावेत.

परत आल्यावर जिगा लगेच डबीत कोंबू नयेत. पिसांची शेपटी ओली राहिली की गळ दोन दिवसांत गंजतो आणि त्याचा गंज शेजारच्या सगळ्यांना लागतो. वर्तमानपत्रावर रात्रभर पसरून वाळवाव्यात, रबरी शेपट्या वेगळ्या ठेवाव्यात, कारण काही रबरे एकमेकांना चिकटून वितळतात. सरकत्या फ्लोटची दोऱ्याची गाठ दर खेपेला नवी बांधावी.